काजवालीचं ऊन

तिला सगळे काजवाली म्हणायचे. शर्टांना काजं पाडायच्या मशीनवर तिचा हात असा बसला होता, की गप्पा चालू असल्या तरी काज तसूभरही इकडचं तिकडं व्हायचं नाही. कारखाना तळघरात होता. छताजवळ अरुंद झरोके होते, पण उन्हानं कापड विटतं म्हणून मालकांनी त्यांच्या काचांना काळा रंग फासून घेतला होता. शेजारच्या टेबलावरची इस्त्रीवाली मावशी म्हणायची, "विटेल ते कापड. आपला रंग पक्का आहे बाई."

काजवाली उजाडायच्या आत घर सोडायची आणि दिवेलागणीनंतर परत यायची. डबा मशीनपाशीच खायचा. इमारतीला छान मोठी गच्ची होती, पण तिला कुलूप. ती मालकांच्या पाहुण्यांसाठी.

तिला सातवा महिना लागला आणि त्याच सुमाराला एका सकाळी मावशी तापानं फणफणत कामावर आली. खोकून खोकून तिचे डोळे लाल झाले होते. ती मुकादमाला म्हणाली, "अंगात त्राण नाही हो. दोन दिवस घरी पडते."

"खोकला कोणाला नसतो मावशी?" मुकादम म्हणाला. "हा माल जाऊ दे, मग पडा खुशाल. आज गेलात तर उद्या येऊ नका."

मावशी राहिली. वाफेच्या इस्त्रीवर वाकून दिवसभर खोकत राहिली. तळघरातली हवा जाणार कुठे? आठवडा सरायच्या आत काजवालीला ताप भरला. मग खोकला, आणि मग जिना चढताना धाप. एका सकाळी तिला चहाचा कपही धरवेना, तेव्हा नवऱ्यानं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

तिथं तिला ऑक्सिजन लावला. पोटातलं बाळ हलायचं, तेवढाच धीर. ते थोडा वेळ हललं नाही की ती पोटावर हात ठेवून वाट बघत राहायची.

रक्ताचे रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "हा विषाणूचा संसर्ग आहे. गरोदरपणात श्वासावर आधीच ताण असतो, त्यामुळे यांना तो जड गेला. शिवाय यांचं डी व्हिटॅमिन अगदी तळाला गेलंय."

"म्हणजे त्याच्यामुळे झालं हे?"

"असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. ते कमी असलेल्यांना असे आजार जास्त होताना दिसतात, पण त्याच्यामुळेच होतात का, यावर अजून एकमत नाही. संसर्ग मात्र माणसाकडूनच माणसाला लागतो. डी कमी राहणं आईला चांगलं नाही आणि बाळालाही नाही. मी गोळ्या लिहून देते. आणि ऊन घ्या. काचेतलं नको, मोकळं."

त्या गेल्यावर नवरा पलंगाशी बसला. "तुला किती वेळा सांगितलं, जरा उन्हात बसत जा म्हणून."

तिनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. "कधी?" एवढंच विचारलं आणि मास्क परत लावला. ती कधी निघते आणि कधी येते, हे नवऱ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

चार दिवसांनी मुकादम सफरचंदं घेऊन आला. दवाखान्यातली बातमी त्याच्या कानावर आधीच गेली होती. "तुमच्यात म्हणे व्हिटॅमिनच कमी होतं," तो म्हणाला. "मी मालकांना तेच सांगितलं. माणूस मुळात कमजोर, त्याला कारखाना काय करणार? तरी तुमच्यासाठी म्हणून आम्ही त्या इस्त्रीवालीला काढून टाकलं. तिनंच आणला ना रोग?"

काजवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ती म्हणे आपल्यासाठी. तिला बोलायला दम पुरेना. तिनं सफरचंदांची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली आणि दाराकडे बोट केलं.

घरी आल्यावर सासू म्हणाली, "आता डोकं तापवू नकोस. बाळाला बाधेल."

"आई, गप्प बसले तर जास्त बाधेल."

सासू उठली आणि तिनं चपला घातल्या. "चल, मी येते कारखान्यात. तुला जिना एकटीला नाही चढवायचा."

जेवणाच्या सुट्टीत दोघी तळघरात उतरल्या. काजवाली मशीनच्या रांगांमध्ये उभी राहिली. तिचा आवाज अजून घोगरा होता. "मावशीनं रजा मागितली, ती तुम्ही सगळ्यांनी ऐकली. मुकादमांनी नाही म्हटलं, तेही ऐकलं. मग रोग कोणी आणला? आणि माझ्या अंगात ऊन कमी, तर ते अडवलं कोणी?"

"तुम्ही आजारी आहात, घरी जा," मुकादम म्हणाला.

"हे मावशीला म्हणायचं होतं."

कॉलरवाली पहिली उठली. मग बटणवाल्या दोघी उठल्या. एकेक करून सगळ्या डबे घेऊन वर गेल्या आणि इमारतीसमोरच्या फुटपाथवर उन्हात बसल्या. सुट्टी संपली तरी खाली कोणी उतरेना. मुकादम दोनदा येऊन ओरडून गेला. तिसऱ्यांदा मालक स्वतः आले आणि गोड बोलू लागले.

तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी मालकांनी गच्ची उघडली. ताप असलेल्यानं घरी राहायचं, त्याच्या नोकरीला धक्का नाही, हेही कबूल केलं. पण मावशीला त्यांनी परत घेतलं नाही. "तेवढं सोडून बोला," म्हणाले. बायका घुटमळल्या आणि खाली उतरल्या. त्यांनाही घरं होती. मावशीला परत घेत नाहीत तोवर नाही, म्हणून काजवाली उतरली नाही.

तिला मुलगी झाली, खणखणीत आवाजाची. मावशी बाळाला बघायला आली. ती आता एका लाँड्रीत जायची. तिथं उभं राहून तिचे पाय सुजायचे. बाळाला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "सोड गं आता. झालं गेलं. पोर सुखरूप आहे ना?"

"पोर सुखरूप आहे," काजवाली म्हणाली. "मी नाही सोडलेलं."