बोल्टांचा रंग

दातांच्या डॉक्टरांनी जुनी गाडी घेतली तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. मेहुण्यानेही केलं. फक्त गाडीभोवती एक फेरी मारून तो पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "भाऊजी, गाडी झकास आहे. चाकांचे बोल्ट तेवढे गंजलेत."

एवढंच बोलला, चहा प्यायला आणि निघून गेला. त्याच्या स्वतःच्या गाडीचं एक दार दोरीने बांधलेलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहतं? डॉक्टरांच्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसलं. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावून "कीड लागलीय" असं सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या दारात कुणी तेच ऐकवावं, हे दुःख काही साधं नव्हतं.

"तुझ्या भावाची नजर भलतीच बारीक आहे," रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले.

"लहानपणापासून. अभ्यास सोडून सगळं दिसायचं त्याला."

"अख्खी गाडी सोडून बोल्ट बघतो."

"मग रंगवून टाका ना," बायको सहज म्हणाली. या सहज बोलण्याचा तिला पुढे पुष्कळ पश्चात्ताप झाला.

डॉक्टर कामाला लागले. एका चाकाचे बोल्ट काढायचे, साफ करायचे, रंगवायचे, वाळले की बसवायचे आणि पुढच्या चाकाकडे वळायचं, असा बेत होता. बोल्ट गंज काढायच्या पाण्यात भिजत घातले गेले ते बायकोच्या कणीक मळायच्या परातीत. ती परात नंतर स्वयंपाकघरात परत आली नाही. तारेच्या ब्रशने बोल्टांच्या डोक्यांवरचा गंज निघाला, पण कोपऱ्यांतला निघेना. तेव्हा डॉक्टर बोल्ट खिशात घालून दवाखान्यात गेले आणि दात चकाकवायच्या यंत्राने त्यांनी ते कोपरे घासले. बाहेर एक बाई अर्धा गाल बधिर करून बसल्या होत्या. आतून येणारा आवाज ऐकून त्यांनी उरलेला अर्धा गाल हाताने घट्ट धरला. गाल जागा झाला तरी डॉक्टर बाहेर येईनात, तेव्हा त्या उठून घरी गेल्या.

मग रंग. डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं, की रंग फक्त डोक्याला द्या, आटे आणि चाकावर टेकणारी बाजू कोरडी ठेवा. औषधाच्या चिठ्ठीवरचं नीट वाचत नाहीत म्हणून पेशंटना फैलावर घेणाऱ्या डॉक्टरांनी ते नीट वाचलं, आणि ही सूचना आळशी लोकांसाठी असावी असं ठरवून बोल्ट नखशिखांत रंगवले. एक हात, दुसरा हात, वर चकचकीत लाखेचा थर. अर्धवट काम त्यांना खपत नसे.

बसवताना पान्याने रंगावर ओरखडा उठेल, म्हणून पान्यात जुन्या बनियनचा तुकडा कोंबला. बाळाला टोपी घालावी तितक्या हळुवारपणे एकेक बोल्ट आवळला.

"घट्ट बसलेत ना?" बायकोने दारातून विचारलं.

"फार आवळले तर रंग उडतो."

"आणि कमी आवळले तर?"

"तू चहा टाक."

चारही चाकं झाली आणि डॉक्टरांना एकाएकी मेहुण्याच्या बायकोच्या सर्दीची काळजी वाटू लागली. एरवी ती आजारी पडल्याचं त्यांना बरी झाल्यावर कळत असे. रविवारी दुपारी दोघं तब्येत विचारायला निघाले.

अर्ध्या वाटेवर डाव्या बाजूने टक टक असा आवाज यायला लागला.

"काय वाजतंय हो?" बायको म्हणाली.

"रस्ता खराब आहे."

रस्ता नवा कोरा होता. आवाज वाढला. डॉक्टरांनी रेडिओ लावला. आवाज आणखी वाढला तसा त्यांनी रेडिओही वाढवला. स्टिअरिंग हातात थरथरू लागलं, पण आता मेहुण्याची गल्ली समोर दिसत होती. इथवर येऊन थांबायचं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

गल्लीत वळताना गाडी डाव्या बाजूला धपकन बसली आणि खरवडत थांबली. तिचं पुढचं डावं चाक मात्र थांबलं नाही. ते एकटंच पुढे गेलं, मेहुण्याच्या उघड्या फाटकातून ऐटीत आत शिरलं आणि फुलझाडांत आडवं झालं. मेहुणा हातात पाण्याची नळी घेऊन उभा होता. पाहुण्यांच्या आधी त्यांचं चाक येण्याचा त्याच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग.

तो धावत आला तो थेट गाडीच्या बहिणीकडच्या दाराशी. "ताई, लागलं का कुठे?"

लागलं नव्हतं. तिने मान हलवली. डॉक्टर खाली उतरून रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले. मेहुण्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पण तो रस्त्यावर वाकून बोल्ट गोळा करत फिरला, ओंजळ त्यांच्यापुढे धरली आणि मनापासून म्हणाला, "रंग मात्र फार सुरेख बसलाय, भाऊजी."

गाडी तिथेच ठेवून दोघं बसने परतले. तिकिटं काढून झाल्यावर बायको त्यांच्याकडे वळली.

"आवाज तुम्हाला ऐकू आला होता ना?"

"आला होता."

"मग थांबला का नाहीत?"

"वाटलं, तुझा भाऊ हसेल."

"तो गाडीत नव्हता. मी होते."

पेशंटचे बहाणे त्यांना तोंडपाठ होते, त्यातला एकही इथे लागू पडेना.

पुढच्या आठवड्यात गाडी ओढून घरी आणली आणि सगळ्या चाकांना नवे बोल्ट आले. डॉक्टरांनी या वेळी फक्त डोकी रंगवली, आटे कोरडे ठेवले, आणि गंज चढू नये म्हणून वर प्लास्टिकच्या टोप्या आणल्या. टोप्या घालायला ते खाली वाकले तेव्हा बायकोने त्यांना बाजूला केलं आणि पाना हातात घेतला. त्यात बनियनचा तुकडा नव्हता. तिने पान्यावर पाय ठेवून सगळं वजन टाकलं. रंगाचा एक छोटा टवका उडून डॉक्टरांच्या चपलेवर पडला.

त्यांनी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुढचा बोल्ट दाखवला.