शेळगावच्या वीरगळीला ऑइल पेंट

अगं छकुले, च्या नंतर पी, आधी ऐक! आमच्या अब्बांचं तुला ठाऊकच हाय. सणसरला फोटोचं दुकान, पण चाळीस वर्सं जीव सगळा जुन्या बारवा, मोटंच्या विहिरी, देवळाच्या पायऱ्या ह्यात. लग्नात नवरदेव सोडून मांडवामागचा रांजण काढत्यात, शप्पत!

तर रविवारी बारामतीत त्यांचं पहिलं प्रदर्शन. एकच फोटो राहिलेला, शेळगावची वीरगळ. गाईंसाठी लढून मेलेल्या वीराचा कोरीव दगड गं. जुन्या फोटोला बुरशी लागली. अब्बा म्हणाले, "ते शेवाळ, तो झिजलेला चेहरा, तसाच्या तसा पायजे. त्याबिगर प्रदर्शन कशाला?"

आन केलं काय? शेळगावच्या दत्तोबांना जायच्या आदल्या दिवशी फोन! "तात्या, उद्या फोटो काढाया येतो."

आमी गेलो तर चंदेरी वीर, गुलाबी गाई, मिशीला काळा कलर! दत्तोबा ब्रश घिऊन हुभे. "या फारुकभाई! फोटो म्हणल्यावर वीर पारोसा ठिवायचा व्हय? आधी तारंच्या घासणीनं घासला, मग दोन हात मारले."

अब्बा मटकन खाली बसले. दत्तोबांची कारभारीण द्वारकाबाई पळत पाणी घिऊन आली, "ऊन लागलं वाटतं!"

"ऊन न्हाय काकू," मी म्हणलं, "गुलाबी लागलं."

पण ती दोघं इतकी खूश, की अब्बांच्यानं त्यांचं मन मोडवंना. फोटो काढला, दुकानात येऊन ब्लॅक अँड व्हाइट केला.

रविवारी अर्धं शेळगाव टेम्पोनं हजर. दत्तोबा फोटोपुढं थांबले. "फारुकभाई, कॅमेरा बिघडलाय तुमचा. गुलाबी कुठाय?"

"रंग मुद्दाम काढला, तात्या."

"मुद्दाम? दोन डबं कलर गेला माझा!"

तेवढ्यात कळंबचे एक मानसिंगराव पुढं आले. "चाचा, आमच्या बांधाला बी अशीच वीरगळ हाय. कुणी हात बी लावला न्हाय अजून."

अब्बांचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू!

"कधी येताय?" मानसिंगराव म्हणाले. "पोरांना फोन करून ठिवतो. तात्या, गुलाबी कुठल्या दुकानातनं आणला?"

अब्बांनी कॅमेरा गळ्यात घातला. "मेहजबीन, गाडी काढ."

"आत्ता? अब्बा, पाव्हणं यायचंत अजून!"

"त्यांना च्या द्या. मानसिंगराव, तुमी बसा मधी. आन तुमचा मोबाईल द्या हिकडं. कळंब येईस्तवर माझ्या खिशात ऱ्हाईल!"