शेंगबाबाची दाढी

उंब्रजला हायवेच्या कडेला मांडव पडला होता आणि आत मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर शेंगबाबा बसले होते. डोक्यावर निमुळती टोपी, छातीवर टोकदार दाढी, समोर मंतरलेल्या शेंगदाण्यांचं घमेलं. भक्ताने दाणा उचलायचा, त्याच्या दोन पाकळ्या अलगद सोडवायच्या, की आत टोकाशी चिमुकले बाबा बसलेले! टोपी, दाढी, सगळं हुबेहूब.

"दाणा फुटला, आजार सुटला!" बाबा गरजले. "सुया बंद, गोळ्या बंद! पर चाळीस दिस घरात शेंगदाणा फोडायचा न्हाई, भाजायचा न्हाई, कुटायचा न्हाई. दाण्यात मी हाय. मला कुटणार व्हय रं?"

गर्दीने कान पकडले. सर्वांत घट्ट कान पकडले ते पहिल्या रांगेतल्या नाथाजी सरांनी. सर एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. बायको शालूबाईच्या साखरेपायी ते आले होते. तिला रोज इन्सुलिनची सुई टोचताना तिच्यापेक्षा त्यांचाच चेहरा वाकडा होई. दाण्यात बाबा दिसले आणि सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी विज्ञानाचा माणूस," ते शेजारच्या सुभेदार उदयसिंहांना म्हणाले. "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानत नाही. आता पाहिलं!"

हे वाक्य पुढे त्यांना जन्मभर पुरलं.

घरी येताच त्यांनी प्रसादाचा अखंड दाणा देव्हाऱ्यात ठेवला आणि इन्सुलिन फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ढकललं. चौथ्या दिवशी शालूबाईच्या तोंडाला कोरड पडली. तांब्यामागून तांब्या पाणी रिचवलं तरी तहान भागेना. पाचव्या दिवशी अंगणातून घरात येताना ती दोनदा टेकली. "आजार बाहेर पडतोय, त्याची लक्षणं आहेत," सरांनी निदान केलं. कोणत्या पुस्तकातून, ते विचारू नये.

सहाव्या दिवशी शालूबाई उठली ती साखरेपायी नव्हे, बिनकुटाच्या वांग्यापायी.

"मराय टेकलीच हाय, तर चवीनं खाऊन मरते," म्हणत तिने शेंगदाण्यांचा डबा पुढ्यात ओढला.

"शालू, पाप लागेल!"

तिने दाणा फोडला. आत बाबा. दुसरा फोडला. बाबा. दहावा फोडला, तिथेही बाबाच.

"आवं, हे दाणं दिवाळीला कराडास्नं आणल्यालं. तवा कुठं व्हता तुमचा बाबा? ह्यो कोंब हाय कोंब! भाजल्यावर फोलपटासंगं पाखडून टाकतो आमी ह्येला."

सरांनी फोडलेला दाणा डोळ्यांजवळ नेला. त्यांना आपला फळा दिसू लागला. फलन झालेली एक पेशी. तिच्या दोन झाल्या, वरची लहान, खालची मोठी. वरचीच्या पुढे दोन, चार, आठ. मग पेशींचा गोळा, मग त्याला बदामाचा आकार. बदामाची दोन टोकं वाढून झाली दोन बीजपत्रं, म्हणजेच दाण्याच्या पाकळ्या, आणि त्यांच्या बेचक्यात इवलंसं मूळ आणि इवली पानं घेऊन बसला भ्रूण. ही आकृती त्यांनी दरवर्षी रंगीत खडूने काढली होती, सुबकपणाला अर्धा गुण जादा दिला होता. पण वर्गात एकदाही शेंगदाणा फोडला नव्हता. भ्रूण परीक्षेला येतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तो चटणीतही येतो, हे नव्हतं.

आधी त्यांनी रिक्षा बोलावून शालूबाईसह दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टर उत्कर्षा त्यांच्याच विद्यार्थिनी. साखर बघून त्या म्हणाल्या, "सर, अजून दोन दिवस गेले असते तर बाई बेशुद्ध पडल्या असत्या." सर खाली मान घालून उभे राहिले. गृहपाठ न केलेल्या पोरांना ते असंच उभं करत.

शालूबाई सावरून घरी आली. मग सरांनी देव्हाऱ्यातला दाणा एका वाटीत आणि डब्यातला दुसऱ्या वाटीत, ओल्या फडक्यावर ठेवला. आठवड्याभरात दोन्हींकडे टोपीचं मूळ झालं आणि दाढीची हिरवी पानं उलगडली.

पुढच्या गुरुवारी बाबांचा मांडव पुन्हा भरला, तेव्हा ते दोन्ही वाट्या घेऊन मंचावर चढले.

"मंडळी, बाबांची दाढी बघा, हिरवी झालीय! हे रोपाचं बाळ आहे, प्रत्येक दाण्यात असतं. बाबा दाण्यात शिरले नाहीत. त्यांनी आधी दाणा पाहिला, मग दाढी राखली आणि टोपी शिवून घेतली. घरी फोडू नका म्हणाले, कारण घरच्या दाण्यातही हेच ध्यान दिसलं असतं."

"पाखंडी!" बाबा ओरडले.

उदयसिंहांनी समोरच्या टपरीवरून शेंगदाण्यांची पुडी आणवली. मांडवात कडाकड दाणे फुटू लागले.

"आवं, हितं तर पावशेर बाबा हायत!" कोणीतरी ओरडलं आणि मांडव हसू लागला. बाबा मागच्या मागे गाडीत बसले.

"हसा, पण मला आधी हसा," सर म्हणाले. "मी डोळ्यांनी पाहिलं, पण दुसरा दाणा फोडला नाही. त्यापायी बायको घालवत होतो. कोणी चमत्कार दाखवला, तर घरी येऊन दुसरा दाणा फोडा. आणि ज्यांनी औषधं थांबवलीत, त्यांनी इथून थेट डॉक्टरांकडे जा."

संध्याकाळी सुई भरताना त्यांनी औषधाची रेघ दोनदा तपासली.

"भ्यालो गं शालू, फार भ्यालो."

"टोचा आता गुमान," शालूबाई म्हणाली. "आन उद्याचं कूट तुमीच कुटायचं. एकतीस वर्साचं प्रॅक्टिकल ऱ्हायलंय तुमचं."