विषवाल्या उंदरांची पेज

तंकमणीचा भुईआवळीवर जेवढा भरवसा होता तेवढा नवऱ्यावरही नसता, म्हणजे नवरा असता तर. कावीळ झाली की त्रिशूरात घरोघरी ती दुधात वाटून पाजतात. तिच्याच अर्कानं उंदरांच्या यकृताचा कर्करोग टळतो, हे तिला सिद्ध करायचं होतं. डॉक्टरेट तिथंच अडली होती. एका गटाला नुसतं कर्करोग करणारं विष, दुसऱ्याला विष आणि अर्क.

शेवटी यकृतं काढली आणि तिनं कपाळाला हात लावला. अर्कवाल्यांची स्वच्छ, पण विषवाल्यांचीही जवळजवळ स्वच्छ! आता अर्कानं वाचवलं म्हणायचं तरी कशाच्या जोरावर?

"विष कच्चं निघालं, दुसरं काय," तिचे मार्गदर्शक कुरियन सर म्हणाले.

"सर, विष मी स्वतः मोजलंय. कुणीतरी यांना वाचवलंय."

ती तडक प्राणिगृहात गेली. म्हातारा शंकुण्णी, सगळ्यांचा चेट्टा म्हणजे दादा, पिंजरे धूत होता.

"चेट्टा, खरं सांगा. विषवाल्यांना काय घातलंत?"

"मी? छे!" मग त्याची मान खाली गेली. "पावसाळ्यातल्या कर्कटक महिन्यातली औषधी पेज गं, पोरी. बायको घरून डब्यात द्यायची, त्यातली. महिनाभर सगळं जग ती पितं. त्या गटाला निदान तुझं औषध होतं. या बिचाऱ्यांना कोण होतं?"

"पेजेत काय काय घालते चेची?"

"मेथी, जिरं, दहा तऱ्हेचा पाला. आणि कुंपणाकडची भुईआवळी, चांगली मूठभर."

तंकमणीला आधी संताप आला, मग खदखदून हसू फुटलं. "धन्य आहे तुमची! माझी सगळी मेहनत पाण्यात घालवलीत आणि वर माझंच खरं करून दाखवलंत!"

सर म्हणाले, म्हाताऱ्याला काढून टाक. ती म्हणाली, "नाही सर. उंदरांना त्यांच्याइतकं कुणी जपत नाही. मी पुन्हा करते. भुईआवळी मला तोंडघशी पाडणार नाही."

नवे उंदीर आले, अजून पिल्लंच.

"चेट्टा, या खेपेला विषवाल्यांना फक्त रोजचं खाणं. पेजेचं शीतही नाही."

"म्हणजे मरू द्यायचं त्यांना."

"हो." तिला फार वाईट वाटलं, पण ती मागे हटली नाही. "हे गेले तरच ते कशानं वाचले हे जगाला पटेल. पुढं माणसं वाचतील."

 शंकुण्णीनं खाण्याची बादली तिच्यापुढं ठेवली. "पटलं गं. पण त्या पिंजऱ्यात खाणं तू घाल. माझ्या हातून नाही व्हायचं."

तंकमणीनं बादली उचलली. पिंजऱ्याचं दार उघडताच पिल्लं धावत आली आणि तिची बोटं हुंगू लागली.