पन्हळीवरची जाळी

त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती आणि वार शुक्रवार होता. मी ठाण्याहून टेमघरला पोचले तेव्हा भाऊ मागच्या दारी शिडीवर चढलेले होते. भाऊ म्हणजे माझे वडील. शाळेच्या ऑफिसात त्यांना सगळे भाऊ म्हणत, शेजारीपाजारी म्हणत, म्हणून आम्ही मुलंही तेच म्हणत वाढलो.

"आलीस? शिडी धर," ते म्हणाले.

पर्स कट्ट्यावर ठेवून मी शिडी धरली. मागच्या खोलीच्या पत्र्याला कडेने जस्ती पन्हळ होती. पत्र्यावरून ओघळणारं पाणी ती झेलायची आणि कोपऱ्यातल्या पाइपातून गटारात सोडायची. भाऊ तिच्यातली घाण मुठीमुठीने खाली टाकत होते. करडी, मऊ, चटईचे तुकडे फाटावेत तशी. मी ती चपलेने बाजूला सारत होते.

मग नेहमीचं. भाऊंनी वरच्या टोकाला तांब्याने पाणी ओतलं आणि मी पाइपाच्या तोंडाशी उकिडवी बसले. मी चौथीत असल्यापासून हे असंच चालत आलेलं.

"आलं?"

"नाही अजून."

"आता?"

"आलं. पण थोडंच आलं, भाऊ."

त्यांनी पन्हळीच्या तळाला बोट लावलं, तर बोट आरपार गेलं. गंजून चाळण झाली होती. ते खाली उतरले, धोतराच्या जुन्या फडक्याला हात पुसत म्हणाले, "गेली ही. यंदा नवी घालायला हवी. कुठली घालायची ते तू ठरव, एवढं वाचतेस. जमेल ना?"

"जमेल," मी म्हणाले.

दुपारी आईने रस काढला होता. रस झाल्यावर भाऊ पेपर तोंडावर घेऊन झोपले. संध्याकाळी फाटकापर्यंत आले, "कशेळीच्या पुलावर ट्रक अडकलेत म्हणे, लवकर नीघ," म्हणाले, आणि मी निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि ती पाणी भरायला आत गेली. परत आली तेव्हा चहा तसाच होता.

दिवसकार्य झाल्यावर माझा धाकटा भाऊ केदार आईला कल्याणला न्यायला निघाला. तिथे त्याचा फ्लॅट आहे, सातव्या मजल्यावर. आई नाही म्हणाली. तिचं म्हणणं एवढंच होतं की तिला इथे झोप लागते. मागच्या गल्लीत लूम आहेत, कापडाचे यंत्रमाग, रात्रभर खटखट चालते. लग्न होऊन आली त्या वर्षी ती त्या आवाजाने रडायची; आता आवाज थांबला की जागी होते.

"आणि पावसात?" केदार म्हणाला. "मागच्या भिंतीला ओल आली की हिची छाती भरते. मध्यरात्री कोण धावणार? ताई, मी स्पष्ट सांगतो, मला नाही जमणार."

केदार हे वाक्य लहानपणापासून सहज म्हणतो. कोणी त्याच्यावर रागावत नाही, आणि दुसऱ्यांदा विचारतही नाही.

"भिंत कोरडी राहिली तर?" मी विचारलं.

"तर राहू दे इथे. पण ओल दिसली की मी नेणार. मग रडारड नको."

"मी बघते पन्हळीचं. जमेल."

"बघ बाई. पन्हळीवर पीएचडी कर," केदार म्हणाला, आणि भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदा आई हसली.

मी खरंच अभ्यास केला. ऑफिसमधून आले की स्वयंपाक, आणि स्वयंपाक झाला की पन्हळ. पत्रा किती मोठा, त्यावर कोसळणारा पाऊस झेलायला पन्हळ केवढी रुंद हवी. जस्ती गंजते, पीव्हीसी गंजत नाही, पण उन्हाने वाकते, म्हणून क्लँप जवळजवळ हवेत. उतार इतका हवा की पाणी साचणार नाही, आणि इतका नको की पाणी पाइपाच्या तोंडावरून उडी मारून जाईल. पाइपाचं तोंड भिंतीच्या पायापासून लांब, आणि शेजारच्या आक्कांच्या अंगणाकडे अजिबात नको. वाचताना मला बरं वाटायचं. भाऊंनी सोपवलेलं काम चालू होतं, आणि काम चालू असेपर्यंत बाकी कशाचा विचार करावा लागत नव्हता.

फिटर कल्याण रोडवरचा होता. त्याने दोरी लावून, पाण्याच्या नळीने पातळी बघून काम नीट केलं. शेवटी म्हणाला, "ऊपर जाली डाल दो मॅडम. पत्ता-वत्ता अंदर नहीं जाएगा. फिर किसी को चढ़ना ही नहीं पड़ेगा."

जाळीबद्दल मी वाचलं होतंच. सगळ्यांनी तिची शिफारस केली होती. पण मला पटलं ते त्याचं शेवटचं वाक्य. आई सत्तरीची, मी ठाण्याला, केदार कल्याणला. चढणारं कोणी नव्हतंच.

"डाल दो," मी म्हणाले.

जूनभर पन्हळ छान चालली. दर रविवारी मी जायचे, आईच्या खोलीत शिरले की आधी भिंतीला तळवा लावायचे. कोरडी. मग आईच्या गोळ्या, किराणा, तिचं बँकेचं काम, आणि परत पुलावर ट्रकांच्या मागे. घरी आले की बूट न काढता सोफ्यावर बसून राहायचे. भाऊंसाठी मी अजून रडले नव्हते. तेवढा सलग वेळ मिळत नव्हता.

जुलैत एका गुरुवारी आईचा फोन आला. बाकीचं सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "भिंत जरा गार लागते गं."

"गार की ओली?"

"गारच," ती म्हणाली. मग खोकली. "केदारला नको बोलूस. तो रविवारी येणारे."

शुक्रवारी रजा टाकून गेले. पाऊस थांबला होता, आभाळ खाली आलेलं. आईने पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणला होता. एकटीने कसा ओढला कोण जाणे. भिंतीवर पत्र्याखालपासून जमिनीपर्यंत ओलीचा पट्टा उतरला होता, आणि त्याच्यावर आईने भाऊंचा फोटो टांगला होता, निम्मा पट्टा झाकला जाईल असा.

"फोटो तिथे कशाला?"

"तिथे खिळा होता," आई म्हणाली.

मी शिडी बाहेर काढली, भिंतीला लावली. आई ती धरायला आली, तर कुंपणापलीकडून आक्कांचा आवाज आला. आक्का भाऊंच्याच वयाच्या, पिढ्यान् पिढ्या इथल्याच. त्यांच्या भातशेतीच्या जागेवर आता गोदामं उभी आहेत, पण त्या अजून कासोटा घालूनच वावरतात.

"रुचिरा, वर चढतेस काय गो? साडी नेसून?"

"पन्हळ बघते, आक्का. पाणी भिंतीवर येतंय."

"येनारच. बंद झाली असंल. चढ चढ, आज शुकरवार हाय, बरा दिस हाय. भाऊ पन शुकरवारचं चढायचं."

"भाऊ? दर शुक्रवारी?"

"पावसाल्यात दर शुकरवारी. लोक शुकरवारचा संतोषीमातेचा उपास धरतात, आमचं भाऊ पन्हळीचा धरायचं. आमी चिडवायचू त्यांना, भाऊ, उपास सोडायला काय खाता, रुई खाता का?"

"रुई कशाला?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलं, जन्म इथे काढून ही असं काय विचारते तसं. "लूमची रुई. उडते ना ती. माज्या वालनावर बसते, पापडावर बसते. शुकरवारी लूम बंद, मंग रुई न्हाय. साफ केलेलं एक दिस तरी साफ राहतं."

मी आईकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"चढतात हे माहीत होतं," आई म्हणाली. "मला वाटायचं, घरात माझ्याबरोबर बसायचा कंटाळा येतो म्हणून चढतात."

"तेबी असंल," आक्का म्हणाल्या.

वर चढून पन्हळीत डोकावले, तर पन्हळ दिसेचना. जाळीवर पांढुरकी गादी बसली होती. रुई, तिच्यावर पाऊस, त्याच्यावर पुन्हा रुई. एका टोकाला नखं घालून ओढलं, तर सगळा थर अंथरुणासारखा उचलून आला, हातभर लांब, जड, निथळणारा. पान एकही नव्हतं. मी वाचलं होतं ते सगळं खरं होतं, पण ज्यांनी ते लिहिलं होतं त्यांच्या घरामागे लूम नव्हते. पाणी जाळीवरून सरळ भिंतीकडे घसरत होतं, आणि नवी कोरी पन्हळ खाली कोरडी होती.

जाळीचे हूक एकेक करून काढले आणि जाळी खाली टाकली. आक्कांनी ती कुंपणातून हात घालून ओढून घेतली. "मना दे. कोंबड्यांना लावीन."

"घ्या."

"पन दर आठवड्याला हात घालाया लागंल हां आता. तुज्या बापासारका."

"कुणी माणूस मिळेल का, आक्का? वर चढायला?"

"मानूस हाय. गेल्या साली माज्याकडं एक यायचा, दोनदा आला. मंग गोदामात ड्युटी लागली त्याला. माजी पोरं तर शिफ्टला जातात ती झोपायलाच येतात." त्या जाळी घडी करत आत गेल्या.

जाळीतून जी थोडी रुई आत गेली होती ती मी हाताने काढली. करडी, मऊ. मे महिन्यात मी हीच चपलेने बाजूला सारली होती. एका हाताने पत्र्याची कड धरायची, दुसऱ्याने काढायची, मग शिडी सरकवायची, पुन्हा चढायचं. मधल्या सांध्यापर्यंत पोचले तेव्हा मांड्या थरथरत होत्या. भाऊंचं वय आठवलं. दर शुक्रवारी, जून ते सप्टेंबर. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. त्यांच्या तोंडून दमलो हा शब्द मी ऐकला नाही, आणि माझ्या तोंडून त्यांनी ऐकला नाही. आम्ही दोघं त्या बाबतीत सारखे होतो, आणि त्याचं आम्हाला कौतुक होतं.

लूम बंद असल्यामुळे गल्ली शांत होती. आईने खालून तांब्या भरून दिला. मी वरच्या टोकाला पाणी ओतलं. आई गुडघ्यावर हात देत पाइपाशी वाकली. उकिडवं बसणं आता तिला होत नाही.

"आलं?" मी विचारलं. आजवर हा प्रश्न खालून ऐकला होता, वरून विचारला नव्हता.

ती पाइपाच्या तोंडाकडे बघत राहिली. मी आणखी ओतलं.

"आलं," ती म्हणाली. "चांगलं धो धो आलं." तिने मान वर केली. तिचा चेहरा उजळला होता. "म्हणजे पन्हळीत काही खोट नाही. तू निवडलेली बरोबरच होती."

"हो."

"मग झालं तर. रविवारपर्यंत भिंत सुकेल, मी पंखा लावून ठेवते. केदारला काही दिसायचं नाही. तू आपली शुक्रवारची येत जा. शुक्रवारी नाही जमलं तर शनिवारी. एवढे दोन-अडीच महिने काढले की झालं." तिने हात मागे नेऊन भिंतीला लावला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. "जमेल ना?"

जमेल. शब्द तोंडात तयार होता. तो म्हटला की आई आत जाऊन चहा टाकणार होती, पलंग मी पुन्हा भिंतीला लावून देणार होते, आणि पुढच्या शुक्रवारी, त्याच्या पुढच्या शुक्रवारी, पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये, मी पुलावर ट्रकांच्या मागे असणार होते. नाही म्हटलं तर रविवारी केदार गाडी घेऊन येणार होता, आणि आईला सातव्या मजल्यावर, जिथे रात्री काहीच ऐकू येत नाही, तिथे झोपायला शिकावं लागणार होतं. ती वर बघत उभी होती. तिला घाई नव्हती. मी काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं.

मी पन्हळीची कड धरली.

"नाही, आई," मी म्हणाले. "मी दमले. मला नाही जमणार."