गुणाजीच्या झांजा

गुणाजीला धवले आवडत. लग्नात धवलारीण म्हणते ती विधीची गाणी, बायकांची. का आवडत, हे त्याला विचारून उपयोग नव्हता. सुका बोंबील का आवडतो हे तरी कोण सांगू शकतं? पण बोंबील आवडतो असं चारचौघांत सांगता येतं. मिठागरावर राबणाऱ्या, मिशी राखलेल्या गड्यानं धवले आवडतात म्हणून सांगणं म्हणजे आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं.

म्हणून त्याने एक सोय केली होती. रेवसच्या धक्क्यावरच्या हॉटेलात नवा रेडिओ आला होता, तिथे तो सिनेमाची गाणी आवडतात म्हणे. देवळात भजन आवडतं म्हणे. मिठागरावर कुणी विचारलंच, तर आज वारा फार सुटलाय म्हणे.

कमळला पाहायला गेला तेव्हा मात्र पंचाईत झाली. तिचे वडील बुधाजी म्हणजे भजनी मंडळाचे बुवा. चहाची बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, “गान्यातलं काय आवरतं तुला?”

गुणाजीला कमळ मनापासून आवडली होती. तो म्हणाला, “भजन.”

बुवांनी खुंटीवरच्या झांजा काढून त्याच्या हातात दिल्या आणि अभंग सुरू केला. अभंग एकीकडे, झांजा दुसरीकडे, असं ते बराच वेळ चाललं. शेवटी बुवा म्हणाले की आवड आहे ना, मग हात बसेल. पोरगी दिली, झांजाही दिल्या, दर शनिवारी भजनाला यायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गुणाजीची गत झाली. लग्नापर्यंतचे सगळे शनिवार त्याने तसेच काढले. हात काही बसला नाही.

लग्न कमळच्या दारात होतं. येसूबाई धवलारीण लागोपाठची लग्नं गाऊन आली होती. नवरानवरीची गाठ बांधायची वेळ झाली, तिने धवला उचलला आणि दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज बसला. खोकली, पाणी प्याली, पुन्हा तोंड उघडलं, तर नुसती हवा. धवल्यावाचून गाठ बांधायची नाही, ही रीत. मागच्या बायांचं काम धवलारणीची ओळ झेलायचं, म्हणजे तीच तिच्यामागून म्हणायचं. पुढची ओळ त्यांच्यातल्या एकीलाही येत नव्हती. करवली उपरण्याचं टोक धरून ताटकळली.

गुणाजीला ओळ येत होती. त्याला सगळेच धवले येत होते. त्याने बराच वेळ दात आवळून धरले. मग ती ओळ त्याच्या तोंडून निघाली, चांगली खणखणीत, सुरात.

मांडवातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मागे कुणीतरी फिदकन हसलं. पुरुषाची ओळ झेलावी की नाही याची रीत कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून एकही बाई झेलेना. धरणीनं पोटात घ्यावं असं गुणाजीला झालं. लोक हसले तर हसोत. पण शेजारी कमळ बसली होती, आणि तिला आपली लाज वाटत असेल, याचंच त्याला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मुंडावळ्यांखालून, मान वर न करता, कमळने ती ओळ झेलली. नवरीने आपल्याच लग्नात गायचं नसतं. ती गायली. मग बाकीच्या बायांनाही कंठ फुटला आणि गुणाजीने धवला शेवटपर्यंत नेला. गाठ बांधली गेली.

पंगती उठल्या. मग बुवा जावयासमोर येऊन बसले.

“आता खरं सांग. काय आवरतं?”

गुणाजीने मांडवाबाहेर पाहिलं. वारा मुळीच नव्हता.

“धवले,” तो म्हणाला.

“मंग माज्या झांजा दे.”

झांजा त्याने बरोबरच आणल्या होत्या, बाहेर बैलगाडीत होत्या. तो उठला. गाठ अजून सोडायची नव्हती, म्हणून कमळही उठली, आणि झांजा आणायला दोघं मिळून गेली.