मांजरीला अहोजाहो

जगातली मोठमोठी साम्राज्यं योग्य वारसदार न मिळाल्यामुळे लयाला गेली, असं इतिहास सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीचं साम्राज्य मात्र वारसदार मिळाल्यामुळे लयाला जायच्या बेतात होतं. साम्राज्य म्हणजे पुस्तकबांधणीच्या बंद पडलेल्या कारखान्यामागचं आवार, प्रजा म्हणजे सात भटकी मांजरं, आणि वारसदार म्हणजे मी. वय एकाहत्तर, डावा गुडघा निकामी, उजवा त्याच वाटेवर.

बहीण त्या कारखान्यात तीस वर्षं पुस्तकांना टाके घालत होती. खळीच्या वासाने उंदीर येत, उंदरांच्या वासाने मांजरं येत, आणि मालकाची चाहूल लागली की सगळेच पांगत. पुढे कारखाना बंद पडला. कामगार गेले, मालक गेला, खळ संपल्यावर उंदरांनीही दुसरीकडे सोय पाहिली. मांजरं तेवढी राहिली, आणि त्यांच्यासाठी रोज सकाळी उकडलेल्या मासळीचा डबा घेऊन जाणारी ही राहिली.

दवाखान्यात शेवटी शेवटी तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी जन्मभर पुरेल असं बोलणार. म्हणाली, "दादा, कारखाना विकलाय. जोत्याखालचं भगदाड बुजवणारेत. त्याआधी सगळ्यांना बाहेर काढ. सात आहेत. नाहीतर सहा काढशील आणि सात सांगशील. मी ओळखते तुला."

मी हो म्हणालो. मरणाऱ्या माणसाला नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही, ही आपल्या व्यवस्थेतली मोठीच उणीव आहे.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सापळ्याचे पिंजरे उसने दिले. गावाबाहेरच्या एका रोपवाटिकेच्या मालकाला उंदरांनी जेरीस आणलं होतं, तिथे मांजरांची राहायची व्यवस्थाही त्यांनीच लावून दिली. मी फक्त पिंजऱ्यात मासळी ठेवायची, लांब जाऊन बसायचं आणि दार पडलं की ओरबाडे सोसत पिंजरा रिक्षापर्यंत न्यायचा. या 'फक्त'मध्ये माझे पाच दिवस गेले. पाच दिवसांत सहा मांजरं. पहिल्यांदा आला तो एक लठ्ठ बोका. मासळीच्या वासाने धावत आला, दार पडल्याच्या आवाजाने आतल्या आत मुतला आणि पोचेपर्यंत रडत राहिला. एकूण प्रकार मला कुठेतरी ओळखीचा वाटला.

सातवी मात्र येईना. करड्या रंगाची, हाडकुळी, एक कान फाटलेला. भगदाडाच्या आत दोन हात अंतरावर बसून ती माझ्याकडे बघायची. मी "ये माऊ, ये गं बाई, अगं ये की" म्हणायचो. ती तोंड फिरवायची.

सहाव्या दिवशी सकाळी गेलो, तर गवंड्याने भगदाड निम्म्याहून अधिक बुजवलेलं. जेमतेम मांजर जाईल एवढी फट राहिली होती.

"काका, कालचा दिवस थांबलो तुमच्यासाठी," तो म्हणाला. माणूस भला होता. दोन महिने त्याच आवाराची भिंत बांधत होता. "पण आज चारला मुकादम येणार. त्याच्या आत मला हे बंद करावंच लागेल. आत काही असो, नसो."

"आत ती आहे."

"बाहेर बोलवा की मग."

"गेले सहा दिवस मी काय भजन करतोय?"

दुपारपर्यंत माझा आवाज बसला. गुडघे तर केव्हाच बसले होते. आणि मग मनात तो विचार आला, जो बहिणीने दवाखान्यातच ओळखला होता. रोपवाटिकेत कोण मोजणार आहे? सहा काय नि सात काय. मोजणारी होती ती गेली. घरी जावं, गरम पाण्याची पिशवी घ्यावी आणि आडवं व्हावं. मी उठायची तयारी केली. माझ्या वयात तयारीलाच पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात बायको आली.

"जेवायला येणार होतात ना? मी काय ताट घेऊन मांजरासारखी वाट बघत बसू?" तिने डबा माझ्या हातात दिला. "मदतीला आलेली नाही मी. आधीच सांगते."

हे सांगायची गरज नव्हती. बायको आणि माझी बहीण नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. बहिणीने एकदा आठ दिवसांसाठी म्हणून एक मांजरी आमच्याकडे ठेवली होती. तिने बायकोच्या कपाटातल्या इस्त्रीच्या चादरींवर चार पिल्लं घातली. बायको काहीतरी बोलली, बहीण काहीतरी बोलली आणि त्यानंतर दोघींमधला सगळा पत्रव्यवहार माझ्यामार्फत सुरू झाला. एकाच खोलीत बसून "दादा, वहिनींना सांग चहा छान झालाय" आणि "अहो, तिला सांगा आणखी हवा तर आहे." मी दोन्हीकडे सांगायचो. नोकरीतून निवृत्त झालो, या कामातून नाही. दवाखान्यात बायको रोज डबा घेऊन यायची, पण दारापर्यंत. आत मी न्यायचो.

"किती राहिली?" तिने विचारलं.

"एक. येत नाही."

"तुमच्या हाकेला घरातलं तरी कोण येतं?"

गवंडी घमेलं खाली ठेवून हसला. म्हणाला, "काका, खरं सांगू? तुम्ही हाक चुकीची मारताय. त्या बाई रोज यायच्या ना, मी ऐकायचो. एकेकाला नावाने बोलवायच्या. म्हणजे नाव नाही, नातं. मामा, आत्या, काका. तो जाडा बोका होता ना, तो दादा. 'ये रे दादा, आळशा, तुझ्याआधी तुझं पोट आलं' असं म्हणायच्या."

बायकोला इतकं मनापासून हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आणि ही आत बसलीय ना," गवंडी उत्साहाने म्हणाला, "ही वहिनी."

हसू थांबलं.

"मांजराला माझं नाव?" बायको म्हणाली.

"नाव नाही, नातं," मी म्हणालो. काही दुरुस्त्या न केलेल्या बऱ्या असतात.

"तरीच! फाटक्या कानाची, हाडाची काडी झालेली, कुणाच्या हाकेला न येणारी. सगळ्यात खत्रूड शोधून तिला माझं नाव दिलं. जाताजाता दिलाच टोला. चला, उठा तुम्ही. बुजवू दे त्याला."

"मावशी, तसं नाही हो." गवंड्याचा चेहरा उतरला. "बाकी सगळ्यांना त्या अरेतुरे करायच्या. शिव्यासुद्धा द्यायच्या. हिला एकटीला अहो. ही उशिरा यायची, तर बाकीच्यांना हाकलून हिच्यासाठी बाजूला ठेवायच्या. खाली बसायच्या आणि म्हणायच्या, 'अहो वहिनी, या. राग धरायचा तर जेवून धरा.'"

बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

तीन वाजून गेले होते. मी पिंजऱ्याशी वाकलो आणि म्हणालो, "अहो वहिनी, या."

फटीत दोन डोळे चमकले. पण ती हलली नाही.

"एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाला," बायको मागून म्हणाली. "मला एकदा तरी अहो म्हणालात? आणि मांजराला लगेच!"

"राग धरायचा तर जेवून धरा," मी मांजरीला म्हणालो. बायकोलाही म्हणालो असेन. दोघींपैकी कुणीच हललं नाही.

"आवाज नाही जमत तुम्हाला. सरका."

आता बायकोच्या एका कलेविषयी सांगायला हवं, जी घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. गेली नऊ वर्षं ती स्वयंपाकघरात माझ्या बहिणीची नक्कल करत असे. बहीण घरी येऊन गेली की दार लागताच सुरू. आधी तो बारीक खोकला, मग नाकातून निघणारं "वहिनीऽ", शेवटचा ईकार वर नेऊन तिथेच सोडून दिलेला. राग होताच, पण राग नऊ वर्षं नियमाने केला की त्यात हुकमत येते. मी कितीदा फसून बाहेरच्या खोलीत पाहायला गेलोय.

बायको भगदाडासमोर जे मिळालं त्यावर बसली. पिंजरा पुढे ओढला. आधी खोकली.

"अहो वहिनीऽ, या."

मी नकळत मागे वळून पाहिलं. गवंड्याने हातातली वीट खाली ठेवली.

फटीतून आधी फाटका कान आला.

"या, या. सगळ्यांचं झालं. तुमचंच राहिलंय." हे तर गवंड्याने सांगितलेलंच नव्हतं. "किती वेळ बसणार असं आत? राग धरायचा तर जेवून धरा."

करडी मांजरी बाहेर आली. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. सरळ बायकोच्या तोंडाकडे बघत, प्रत्येक पावलाला थांबत, पाहुणी घरात शिरावी तशी ती पिंजऱ्यात गेली आणि खाऊ लागली. दार पडलं. ती दचकली, पण खायची थांबली नाही.

सात.

मी बायकोकडे वळलो. तिने पिंजऱ्यावर हात ठेवला होता. मांजरीचं खाऊन होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग रिकाम्या फटीकडे बघत, माझ्या बहिणीच्या नव्हे, स्वतःच्या आवाजात हळूच म्हणाली, "आले हो. जरा उशीर झाला."

दोघींमधले निरोप पोचवण्यात माझी नऊ वर्षं गेली होती, पण हा निरोप माझ्यामार्फत नव्हता. मी डोळे पुसण्यासाठी रुमाल शोधू लागलो. गवंडीही मान खाली घालून उभा होता. मग घसा खाकरून, अगदी अदबीने म्हणाला,

"मावशी, जरा उठता का? तुम्ही माझ्या सिमेंटवर बसलाय."